मिश्रीची डबी आणि तीन महिन्यांचा निश्चय



मागच्या वर्षी आषाढ पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि आमच्या वस्तीतल्या अकरा जणी उभ्या राहिल्या. वर्षावासाचे तीन महिने मिश्रीला हात लावणार नाही, असे सगळ्यांसमोर बोलल्या. टाळ्या झाल्या, खीर वाटली. कल्पना माझीच होती, त्यामुळे मी फारच खूश होते. तिसऱ्या आठवड्यात घरोघर फिरले, तेव्हा अकरापैकी नऊ जणींच्या दातांच्या फटीत काळी रेघ परत आलेली होती. उरलेल्या दोघींपैकी एक माहेरी गेली होती, म्हणून तिचे कळलेच नाही.

मिश्री परत सुरू झाली याचे मला तेवढे वाईट वाटले नाही. त्या नऊ जणी मला गल्लीत येताना बघून तोंडावर पदर घेत होत्या, ते जास्त लागले. एरवी हाक मारून चहाला बसवणाऱ्या बाया "आत काम आहे" म्हणून दाराआड जात होत्या. म्हणजे मी त्यांची मिश्री सोडवली नाहीच, वर माझ्याशी बोलणे सोडवले.

आता यांच्यात जिद्द कमी आहे म्हणावे, तर यातली एक जण नवरा गेल्यावर तीन सोसायट्यांत धुणीभांडी करून मुलीला बारावी करणारी. दुसरीने बचत गटाचा हप्ता पाच वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. जिद्द कमी नव्हती. मीच त्यांना निश्चय करायला लावला आणि तो पाळायचा कसा, हे सांगितले नाही.

वर्षावास पुन्हा जवळ येतो आहे. कुणी दारू सोडायचे म्हणेल, कुणी तंबाखू, कुणी बीपीची गोळी न चुकवण्याचे ठरवेल. मी मुख्यतः मिश्रीबद्दलच लिहिणार आहे. कुणी तिला मशेरी म्हणते, कुणी मिसरी. ती मला पुस्तकातून नाही, तोंडातून माहीत आहे.

माझी स्वतःची डबी

तेरा वर्षांची असताना माझी दाढ दुखत होती. आजीने तव्यावर भाजून चुरलेली मिश्री बोटावर घेऊन माझ्या हिरडीला लावली. डोके गरगरले, उलटी झाली, पण दाढ थोडा वेळ बधिर झाली. आठवडाभर रोज लावली. दाढ दुखायची थांबली, मिश्री थांबली नाही.

पुढे नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. वसतिगृहात पावडरच्या डब्यात मिश्री लपवलेली असायची. तंबाखूच्या दुष्परिणामांवर पेपरात प्रश्न आला, मी दीड पान लिहिले. त्या दिवशी सकाळी मिश्री लावूनच पेपरला गेले होते. म्हणून कुणी मला म्हणाले, की बायांना माहिती दिली की त्या सोडतील, तर मला हसू येते. तीन वर्षे मी माहितीतच लोळत होते.

माझा पहिला मुलगा दोन किलो शंभर ग्रॅमचा झाला. अडीच किलोच्या आतले मूल कमी वजनाचे धरतात. ते मिश्रीमुळेच झाले, असे मी छातीठोक म्हणू शकत नाही, कारण मला रक्तही कमी होते. पण मुंबईतल्या बायांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गरोदरपणी मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या बायांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त आढळले. ते वाचले तेव्हा माझा मुलगा शाळेत जात होता. त्या रात्री मी त्याच्याकडे बघत बसले होते.

त्याच्या जन्मानंतर मी तीनदा सोडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा डबी कालव्यात फेकली आणि संध्याकाळी पुडी विकत आणली. दुसऱ्यांदा मुलाची शपथ घेतली. ती नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी लावली तेव्हा स्वतःची इतकी किळस आली, की त्या आठवड्यात आधीपेक्षा दुप्पट लावली. तायांनो, शपथ मोडल्यावर असेच होते. गेलेच आहे तर जाऊ दे सगळे, असे मन म्हणते.

तिसऱ्यांदा सुटली ती जवळपास अपघाताने. दोन महिने मला सलग रात्रपाळी लागली. सकाळी घरी नसायचे. आंघोळ, संडास, चहा सगळे दवाखान्यातच. तिथे तवा नाही, गल्ली नाही, शेजारच्या वहिनीची पुढे केलेली डबी नाही. पहिले चार दिवस डोके ठणकले, मग हळूहळू विसरले. परत दिवसपाळीला आले तेव्हा मोकळी झाले होते. तेव्हा वाटले, मी मनाने खंबीर झाले. पुष्कळ वर्षांनी कळले, की मी होते तशीच होते. माझी सकाळ बदलली होती.

मिश्री कुठे असते

त्या नऊ जणींमध्ये एक बावन्न वर्षांची मावशी आहे. पदर घेणे सोडून माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हीच. मी तिला म्हटले, मावशी, उठल्यापासून काय काय करता ते एकेक सांगा. ती म्हणाली, "साडेपाचला नळ येतो. हंडे भरले की टमरेल घेऊन संडासच्या रांगेत. वीस मिनिटं जातात. तिथंच लावते, सगळ्याच लावतात. लावली की पोट साफ होतं. मग चहा. मग कामावर. दुपारी जेवले की एकदा. चारला एकदा. रात्री भांडी झाली की उंबऱ्यात बसून एकदा." मोजले तर चार वेळा होत होते.

आम्ही निश्चय विहारात घेतला होता. मिश्री मात्र संडासच्या रांगेत होती. त्या वीस मिनिटांत हाताने काय करायचे, तोंडात काय टाकायचे, शेजारणीने डबी पुढे केली तर काय म्हणायचे आणि पोट कसे साफ करायचे, यातले एकही आम्ही तिला सांगितले नव्हते. फक्त "नको" सांगितले होते.

सवय म्हणजे काय ते भाकरीवरून बघा. नवी सून भाकरी थापते तेव्हा पीठ किती, पाणी किती, सगळे लक्ष देऊन करते. वर्षभराने तीच सून पोराला रागावत, फोन कानाला लावून भाकरी थापते. हात आपोआप चालतात. एकच काम, एकाच जागी, एकाच वेळी, एकाच कामाच्या मागोमाग पुन्हा पुन्हा केले की मेंदू त्याचा विचार करणे बंद करतो. भाकरीसाठी हे फायद्याचे आहे. मिश्रीसाठीही मेंदू तेच करतो, त्याला चांगले-वाईट कळत नाही. रांग दिसली की बोट डबीकडे जाते, आणि निश्चय आठवेपर्यंत मिश्री हिरडीला लागलेली असते.

त्यात मिश्रीत निकोटिन असते. हिरडीतून ते रक्तात जाते आणि डोक्याला तरतरी देते. काही तासांत उतरते, मग शरीर पुन्हा मागते. सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे, भूक वाढणे, पोट साफ न होणे हे सगळे होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, पुढे दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. मधेच तल्लफ उसळते, ती काही मिनिटांची असते. या दिवसांत घरच्यांनी बाईच्या बोलण्याचा राग धरू नये. ती भांडत नाही, तिचे शरीर भांडते आहे.

हे आपल्याच वस्त्यांचे दुखणे आहे, असेही समजू नका. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले, म्हणजे चारात एकाहून जास्त. त्यातले बहुतेक न ओढता, तोंडात ठेवून किंवा लावून घेणारे. एका दवाखान्यात एका डॉक्टरांनी माझ्यासमोर एका बाईला "तुमच्याकडच्या बाया ऐकतच नाहीत" असे सुनावले होते. त्यांच्या स्वतःच्या खिशात सिगारेटचे पाकीट होते. ती बाई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. तिच्या जिभेखाली पांढरा चट्टा होता. पुढच्या वेळी मी तिला दुसरीकडे नेले, तोवर आठ महिने गेले होते. लाजवून कुणाचे व्यसन सुटत नाही. माणूस फक्त आपल्यापासून लांब जातो.

दुसऱ्या वेळी काय केले

आश्विन पौर्णिमा होऊन गेल्यावर आठ जणी पुन्हा तयार झाल्या. या वेळी टाळ्या नाहीत, खीर नाही. एका रविवारी मावशीच्या घरी बसलो आणि प्रत्येकीची सकाळ मांडली.

पहिले काम, रांगेच्या आधी दात घासायचे. आधी या बाया संडासहून आल्यावर दात घासत, किंवा मिश्रीलाच दात घासणे म्हणत. नळावर हंडा भरायला लावला की तो भरेपर्यंत ब्रश करायचा, असे ठरले. हंडा रोज भरावाच लागतो, त्यामुळे आठवण करून द्यायला कुणी लागत नाही. नवी सवय जुन्या कामाच्या खुंटीला अडकवायची, ती अशी. "रोज सकाळी" असे मोघम ठरवू नका. "हंडा नळाखाली ठेवला की" असे ठरवा. शिवाय पेस्टची चव तोंडात असताना मिश्री कडू लागते, हा फायदा वेगळाच.

दुसरे, रांगेत उभे राहिले की तोंडात बडीशेप किंवा भाजलेली जवस. पदराच्या गाठीत किंवा ब्लाऊजमध्ये जिथे डबी असायची तिथेच बडीशेपेची पुडी. सुपारी मात्र नको. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. आणि डबी पुढे आली तर काय म्हणायचे ते शब्दसुद्धा ठरवून घेतले. मावशीने ठरवले, "माझं तोंड आलंय." खोटे होते, पण चालून गेले. "असे झाले तर मी असे करीन" हे आधी ठरवलेले असेल तर ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवले आहे. आपल्याकडे लग्नघरात कोण पाणी वाढणार, कोण ताटे उचलणार हे आधी ठरलेले असते, म्हणून तीनशे माणसे जेवून उठतात. ऐन वेळी कुणी विचार करत बसत नाही.

तिसरे पोटाचे. यावर मी जरा जास्त लिहिते, कारण निम्म्या बाया इथेच हरतात. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, म्हणून मिश्री लावली की पोट साफ होते हे बायांचे म्हणणे खरे आहे. तो भ्रम नाही. सोडल्यावर आतडे काही दिवस सुस्त राहते. पोट साफ झाले नाही, कामावर जायची वेळ झाली, तिथे संडास वापरू देत नाहीत, मग बाई काय करणार? लावणारच. म्हणून उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी. चहाबरोबर खारी-टोस्टऐवजी रात्रीची भाकरी. पेरू, पालेभाजी, काकडी, जे स्वस्त असेल ते रोज. पहिले दोन-तीन आठवडे लागले तर रात्री इसबगोल चमचाभर, पेलाभर पाण्यातून. पाणी कमी पडले तर इसबगोल उलटे पोट बांधते, एवढे लक्षात ठेवा. आणि आपल्या बाया संडासला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यावर वस्तीत पुरेसे आणि स्वच्छ संडास हेच औषध आहे, त्यासाठी आपले निवेदन-मोर्चे चालूच आहेत. पण तोवर निदान कामावरून घरी आल्यावर तरी भरपूर पाणी प्या.

चौथे, डबी घरात ठेवायची नाही. "ठेवते पण लावत नाही" हे तिघींनी करून पाहिले, तिघी हरल्या. आणि तव्यावर तंबाखू भाजायची बंद. ज्या गल्लीत मिश्री भाजते तिथे सोडणारीच्या तोंडाला पाणी सुटते. हे शेजारणींना हात जोडून सांगावे लागले. एकीने ऐकले, एकीने ऐकले नाही.

एकदम सोडता येत असेल तर एक दिवस ठरवून एकदम सोडा, ते चांगलेच. ज्यांना चार वेळा लावायची सवय आहे आणि एकदम जमत नाही, त्यांनी सर्वांत सोपी वेळ आधी गाळावी. मावशीने चारची गाळली, कारण तेव्हा ती कामावर असते आणि तिथल्या बाईला वास आवडत नाही. मग दुपारची, मग रात्रीची. रांगेतली सर्वांत शेवटी. पण शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली हवी. नाहीतर "कमी केली आहे" हे वाक्य दहा वर्षे चालते.

एकवीस दिवस की तीन महिने

एकवीस दिवसांत सवय लागते, असे मोबाईलवर फिरते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. ऑपरेशननंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रोग्यांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. निदान हा शब्द वाटेत गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला. कुणी जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कुणी पाणी प्यायचे, कुणी व्यायामाचे. काम आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. सोप्या सवयीला काहींना १८ दिवस पुरले, तर काहींचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला.

वर्षावास जवळपास नव्वद दिवसांचा असतो. नवी चांगली सवय मुरायला तो पुष्कळांना पुरतो. गोची अशी, की आपण त्या तीन महिन्यांचीच सुट्टी धरतो. आश्विन पौर्णिमेची रात्र कधी येते याची वाट बघत पाळलेला निश्चय सवय होत नाही, तो उपास होतो. मग सुटल्याबरोबर दुप्पट.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मी आठ जणींना पहिल्याच रविवारी सांगून टाकले. चुकाल. लग्नात चुकाल, मयतीत चुकाल, पोराचा निकाल लागेल त्या दिवशी चुकाल. चुकलात तर त्याच संध्याकाळी जोडीदारणीला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी हंड्यापाशी ब्रश घेऊन उभे राहायचे. आपण पंचशील घेतो तेव्हा प्रत्येक शीलाला सिक्खापद म्हणतो, म्हणजे शिकण्याचे पाऊल. एकदाच घेऊन संपत नाही, प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. शिकणाऱ्याची चूक होणार हे त्या शब्दातच धरलेले आहे. मी मात्र त्या अकरा जणींना परीक्षेला बसवल्यासारखे उभे केले होते.

जोडीदारणीचे आमचे नियम दोनच: रोज विचारायचे आणि रागवायचे नाही. आमच्याकडे एक सासू-सून जोडी झाली होती, ती मोडून दोघींना वेगवेगळ्या जोड्यांत टाकावे लागले. का ते सांगायला नको.

एकट्या बाईने रांगेत वेगळे वागणे अवघड असते. चौघींनी मिळून वेगळे वागले की रांगच बदलते. आपल्याला हे नवे नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्याच डिसेंबरात महाडच्याच परिषदेत त्यांनी बायांना जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला आणि लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सांगितले. पिढ्यान्‌पिढ्यांचे नेसणे होते ते. पण सांगून ते थांबले असते, तर घरी गेल्यावर किती जणींचे धाडस झाले असते? तिथे तसे लुगडे नेसवून दाखवणाऱ्या बाया होत्या, आणि कित्येकींनी तिथेच नेसणे बदलले. सोबत बदलायला शेजारी दुसरी होती. गावात परतताना एकटीकडे बोट दाखवायची कुणाची सोय राहिली नाही.

बीपीची गोळी, आणि दारूबद्दल एक ताकीद

गोळीचे थोडक्यात. बीपीची गोळी कपाटात ठेवू नका, चहाच्या डब्याशेजारी ठेवा. आधण ठेवले की गोळी. पट्टीवर मागच्या बाजूला पेनाने वार लिहा, म्हणजे घेतली की नाही याचा वाद नको. गोळीच्या वेळेला काही खायची अट असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका, बरे वाटते ते गोळीमुळेच. सरकारी आरोग्य केंद्रात या गोळ्या मिळतात, संपायच्या आठ दिवस आधी जा.

दारूचे मात्र नीट वाचा. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, म्हणून वर्षावासात पुष्कळ जण ती सोडतात, ते चांगलेच आहे. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याला घोट लागतो, त्याने आज रात्रीपासून एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, घाम, उलट्या, झोप उडणे, पुढे फिट येणे, नसलेली माणसे-किडे दिसणे, बरळणे असे होते. घरच्यांना वाटते बाहेरचे काहीतरी झाले, आणि माणूस उताऱ्यात अडकतो. हे दारू तुटल्याचे आजारपण आहे, आणि ते सरकारी रुग्णालयात औषधांनी आटोक्यात येते. म्हणून अशा माणसाने आधी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडावी. फिट आली किंवा बरळू लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पहिली पायरी कुठे चढायची कळत नसेल तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे, तोही मोफत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचे केंद्र असते, तिथे समुपदेशन मिळते. निकोटिनचा च्युइंगम डॉक्टरांना विचारून घेता येतो. पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

मिश्री लावणाऱ्या, लावून सोडलेल्या सगळ्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन तोंड बघा. गालाच्या आतून, जिभेच्या कडा, जिभेखाली, आणि खालचा ओठ उलटा करून हिरडी. न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील तर लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखतच नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा.

आता हिशोब सांगते. आठ जणींपैकी पाच जणींची मिश्री पूर्ण सुटली आहे. त्यातल्या एकीची दोनदा परत सुरू होऊन तिसऱ्यांदा सुटली. एकीने मला सरळ सांगितले, की यंदा नाही, घरात फार ताण आहे, मला विचारू नका. मी विचारत नाही, पण चहाला जाते. एकीची तीनवर अडकली आहे. मावशीची चार वेळांची एक झाली आहे, रांगेतली. ती काही सुटत नाही. हा लेख लिहिताना मी तिला विचारले, मावशी, तुमचे लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण एक राहिली हे पण लिही, नाहीतर बाया म्हणतील हिची सुटली." कॅलेंडरवर तिने आषाढ पौर्णिमेच्या चौकटीत लाल पेनाने गोल काढला आहे.